शेपटाची शिट्टी

१

रांग चालवणं ही कला आहे आणि ती मला येते. हे सांगताना मी मान खाली वगैरे घालणार नाही. सगळी नोकरी मी शाळेत पीटी शिकवली, दरवर्षी सहली नेल्या, धरणं दाखवली, डोंगर चढवले, आणि एकही मूल कुठे विसरून आले नाही. इतर शिक्षकांची सहल म्हणजे परतीच्या वाटेवर रडारड आणि शोधाशोध. माझ्या सहलीत कुणाची टोपीसुद्धा हरवली नाही.

कारण माझ्या रांगेला नियम होते. सगळ्यात लहान मूल सगळ्यात पुढे, माझ्या पाठोपाठ. त्याने माझ्या पाठीवरच्या पिशवीचा लोंबता बंद धरून चालायचं. त्याच्या मागे बाकीची, उंचीप्रमाणे. सगळ्यात शेवटी एक मोठं माणूस, गळ्यात शिट्टी घालून. त्याला आम्ही शेपूट म्हणायचो. मी पुढून एकदा शिट्टी वाजवली की शेपटाने मागून एकदा वाजवायची. म्हणजे सगळी आहेत, चालू द्या. दोनदा वाजली तर थांबा.

सगळ्यात मोठा नियम मात्र माझ्यासाठी होता. पुढच्याने मागे वळून बघायचं नाही. शाळेत नव्याने आलेल्या बाईंना हे ऐकून नवल वाटायचं. त्यांना मी जिन्यावर नेऊन दाखवायची. पायऱ्यांवर पुढच्याने मान वळवली की त्याचं पाऊल अडतं. मागचं मूल त्याच्यावर आपटतं, त्याच्या मागचं त्याच्यावर, आणि धक्का वाढत वाढत मागे जातो. पडतो तो सगळ्यात शेवटचा. ज्याने मागे बघितलं त्याला त्याचा पत्ताही नसतो. म्हणून डोळे समोर आणि कान मागे.

माझं शेपूट ठरलेलं होतं. शाळेच्या बसचे ड्रायव्हर, मुलांचे बसमामा. उंच, अबोल माणूस. बसमध्ये चढणाऱ्या प्रत्येक मुलाच्या डोक्यावर ते तळहात टेकवायचे, टपली नव्हे, नुसता टेकवायचे. ती त्यांची हजेरी. मी त्यांच्याशी लग्न केलं तेव्हा पीटीच्या बाईंनी शेपूट घरी नेलं म्हणून शिक्षकखोलीत हशा पिकला. हसू देत. संसारसुद्धा आम्ही तसाच केला. मी पुढे, ते मागे, आणि अधूनमधून एक शिट्टी. भाजी आणायलाही आम्ही तसेच जायचो.

२

गेल्या वर्षी बसमामांना झटका आला. उजवी बाजू गेली. डॉक्टर म्हणाले, घरातल्या घरात फिरले तरी खूप समजा. मी मनात म्हटलं, तुम्ही मला ओळखत नाही.

मग मी त्यांना चालवलं. खाटेपासून दारापर्यंत, दारापासून फाटकापर्यंत, फाटकापासून मैदानापर्यंत. चिडले, रडले, काठी फेकून दिली, ती मी आणून परत हातात दिली. पाय सुधारला. तोंडाचा उजवा कोपरा तेवढा तसाच राहिला, ओठ नीट मिटत नाही. त्यामुळे शिट्टी वाजवली की निम्मी हवा बाजूने निसटते आणि आवाजाच्या आत एक फुसफुस येते. तिला आम्ही फुसकी म्हणतो. मला ती आवडते. माझ्या नवऱ्याने मरणाच्या दारातून परत आणलेली शिट्टी आहे ती.

या शहरात यायचं त्यांच्या मनात फार जुनं होतं. डोंगरावरची दगडी बाई तुम्हीही पाहिली असेल, पोस्टकार्डावर, किल्लीच्या साखळीवर, बिस्किटाच्या डब्यावर. शहराकडे तोंड करून उभी, एक हात वर, तळवा पुढे. लोक म्हणतात, ती आशीर्वाद देते. मी पहिल्यांदा चित्र पाहिलं तेव्हाच म्हटलं होतं की रांग थांबवताना मी असाच हात करते. तिचं एक चित्र बसमामांच्या स्टिअरिंगच्या वर वर्षानुवर्षं चिकटवलेलं होतं. रिटायर झालो की हिच्या पायाशी जायचं, ते म्हणायचे, पण आपल्या पायांनी.

लेकीने फोनवर आकाशपाताळ एक केलं.

"आई, तिथे रोपवे आहे ना?"

"आहे की. सामान न्यायला बरा आहे."

"बाबांना मध्येच दम लागला तर?"

"दोनदा शिट्टी वाजवतील, मी थांबेन. आपली पद्धत तुला मी सांगायला हवी का?"

मग तिने गाडीची वेळ विचारली. ती स्वतः माझ्या पिशवीचा बंद धरून मोठी झालेली आहे.

मला एकच गोष्ट हवी होती. बसमामा त्या दगडी बाईच्या पायाशी उभे आहेत, काठी खाली, मान वर, असा एक फोटो. तो मी त्या डॉक्टरांना पाठवणार होते, खाली एक अक्षरही न लिहिता.

३

डोंगराच्या पायथ्याला एका लॉजमध्ये आम्ही उतरलो होतो. वरच्या मजल्यावरची लहानशी खोली, दाराला उंच उंबरा, बाहेर लांब बोळ आणि बोळाच्या टोकाला लाकडी जिना. खिडकीतून दगडी बाईचा हात तेवढा दिसायचा. सकाळी लख्ख ऊन होतं. बसमामांनी बुटांच्या नाड्या स्वतः बांधल्या, फार वेळ लावला, आणि मी तो लावू दिला. मग पिवळी टोपी घातली, शिट्टी गळ्यात अडकवली आणि म्हणाले, "चला बाई."

पायऱ्यांच्या तोंडाशी तिकीटखिडकी आहे, तिच्यासमोर एक बाक. चढायची वाट डाव्या हाताला, उतरायची उजव्या हाताला, दोन्ही खाली तिथेच मिळतात. चढायची वाट खडक कापून केलेली आहे. दोन्ही बाजूंना भिंतीसारखा दगड, वर आकाशाची पट्टी. आवाज घुमायला उत्तम जागा, माझ्या लगेच लक्षात आलं.

मी निघाले. पहिल्या वळणाच्या पुढे गेल्यावर शिट्टी वाजवली. मागून उत्तर आलं, एकदा, फुसकं. मी खूश. पुढच्या टप्प्यावर पुन्हा वाजवली, उत्तर आलं. माझा वेग मला ठाऊक आहे, मी कमी केला नव्हता, तरी उत्तर मागे पडत नव्हतं. वाटेत कठड्याला टेकून धापा टाकणारी तरणीताठी माणसं होती. त्यांना ओलांडून जाताना मला आतून गुदगुल्या होत होत्या. मागून येतायत ते बघा, मला सांगावंसं वाटत होतं, गेल्या वर्षी चमचा धरता येत नव्हता त्यांना.

मग एकदा शिट्टी वाजवली आणि उत्तर आलं ते स्वच्छ. गोल, भरीव, फुसफुस नसलेलं. आजाराच्या आधी यायचं तसं.

मी चालत राहिले, पण डोळे भरून आले. मनाशी म्हटलं, चढताना रक्त खेळतं, गाल गरम होतात, ओठ मिटला असेल. व्यायामाची पुस्तकं उगीच लिहीत नाहीत. मुद्दाम पुन्हा वाजवली. पुन्हा स्वच्छ उत्तर आलं. एवढा अभिमान मला स्वतःच्या मेडलचासुद्धा वाटला नव्हता.

४

एका टप्प्यावर एक नवराबायको बसले होते. त्याच्या हातात थर्मास, ती पाय चोळत होती. मला पाहून दोघं उठून कडेला झाले.

"कुठली शाळा?" त्याने विचारलं.

माझ्या गळ्यातली शिट्टी पाहून विचारलं असणार. मी हसून हात केला आणि पुढे गेले. जरा वर गेल्यावर खालून तिचा आवाज ऐकू आला.

"आणखी आहेत?"

"आहेत. थांब."

दगडात आवाज छान चढत होता. मी बराच वर आले तरी तो ऐकू येत होता.

"आता?"

"अजून येतायत. पाय मागे घे."

आता माझ्या कानांनी मागे नीट लक्ष दिलं. बुटांचा आवाज होता. कॅनव्हासच्या बुटांचा, पीटीच्या तासाला घालतात तसल्या, मऊ, आणि पुष्कळ. म्हणजे कुठल्यातरी शाळेची सहल आमच्या दोघांच्या मध्ये घुसली होती. पायऱ्यांवर असं होतं. बसमामा त्यांच्या मागे अडकले असतील, आणि ते तसे अडकायला आवडणारेच, मुलं म्हटली की विरघळतात. शिट्टी आता जरा दुरून येत होती ती त्यामुळेच. सगळं कसं नीट जुळत होतं.

तरीही पारखून बघावं म्हणून मी हात वर केला, तळवा पुढे. रांग थांबवण्याची खूण.

मागचे सगळे बूट एकाच ठोक्यात थांबले.

आता ऐका. मी आयुष्यभर मुलं थांबवली आहेत. सगळ्यात शिस्तीची रांगसुद्धा थांबताना आवाज करते. कुणीतरी उगीच आपटतं, कुणीतरी खुदकन हसतं, कुणाचं नाक वाहतं, कुणाला तेव्हाच पाणी हवं असतं. इथे काहीच नाही. धापसुद्धा नाही. मी हात खाली केला आणि सगळे बूट एकदम चालू लागले.

माझ्या पाठीला घाम आला. आणि खरं सांगायचं तर त्या घामातही मनाचा एक कोपरा म्हणत होता, काय रांग आहे. अशी रांग मिळावी म्हणून मी जन्मभर घसा कोरडा केला.

वळून बघावं असं वाटलं का? वाटलं. पण पायऱ्या उभ्या होत्या, आणि शेवटी कुठेतरी बसमामा होते.

५

वर मोठा चौथरा आहे आणि त्यावर ती. जवळून ती सुंदर वगैरे दिसत नाही. नुसता दगड, आणि दगडाचा गारवा उन्हातही अंगावर येतो. मी तिच्या बाजूने जाऊन कठड्यापाशी उभी राहिले. खाली सगळं शहर पसरलं होतं.

तिथे एक फोटोवाला होता, तिपाईवर कॅमेरा लावून.

"ग्रुप फोटो ना, बाई?" तो म्हणाला. "सगळी आली की सांगा."

"माझे मिस्टर येतायत. त्यांचा एकट्याचा काढायचाय."

"बरं." तो माझ्या मागे बघत राहिला. चौथऱ्यावर बुटांचा आवाज येत होता, पसरत होता. फोटोवाल्याने एकदा तिपाई मागे सरकवली, मग आणखी मागे. "मावणार नाहीत," तो हळूच म्हणाला. मग त्याने तिपाई मिटली आणि रोपवेच्या बाजूला निघून गेला.

कठड्यावर पर्यटकांसाठी दुर्बीण बसवलेली आहे. काहीतरी करायला हवं म्हणून मी तिला डोळा लावला. छपरं दिसली, पाण्याच्या टाक्या, आमच्या लॉजची गॅलरी. दुर्बीण तशीच सरकवत आणली तर तिकीटखिडकी दिसली, आणि समोरच्या बाकावर पिवळी टोपी.

मी डोळा काढला, पुसला, परत लावला. काठी दोन गुडघ्यांच्या मध्ये, उजवा हात मांडीवर आडवा. ते तसेच बसतात. नवरा ओळखायला मला दुर्बिणीची गरज नव्हती. ते वर बघत होते.

तेवढ्यात मागून शिट्टी वाजली. एकदा, स्वच्छ, पार खालच्या पायऱ्यांवरून. मी वाजवली नव्हती. शेपूट आपणहून वाजवतं ते थांबायची दोनदा, एकदा कधीच नाही. पुढच्याने विचारल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही, असा नियम आहे. म्हणजे मला कुणीतरी विचारत होतं.

आणि मग माझ्या पिशवीचा बंद ओढला गेला. जोरात नाही. लहान मूल चालता चालता दमलं की ओढतं तसा, जरासा, खालच्या बाजूला.

मला भीती वाटली. दुर्बीण धरलेला हात सुटेना. मी नास्तिक नाही आणि भाबडीही नाही, पण त्या क्षणी मला दोन गोष्टी स्वच्छ कळत होत्या. माझ्या मागे बघितलं तर काय दिसेल ते मला बघायचं नव्हतं. आणि माझा माणूस खाली एकटा होता, त्याच्यापर्यंत जायचं तर या सगळ्यांना घेऊनच जावं लागणार होतं.

रांग सोडून पळणाऱ्यांतली मी नाही. पाठ ताठ केली, एकदा शिट्टी वाजवली आणि उतरायच्या वाटेला लागले. बंद पुन्हा सैल झाला, चालणाऱ्या हातात असतो तसा.

६

उतरताना मी घाई केली नाही. उतारावर रांग पुढच्याच्या वेगाने चालते, म्हणून सावकाश, एका लयीत. बूट माझ्या मागे तसेच उतरत होते. एकही चुकत नव्हता.

बसमामा बाकावरून उठले नाहीत. मी त्यांच्यासमोर येऊन उभी राहिले, तिकीटखिडकीकडे तोंड करून. पाठीमागे पायऱ्या. हात वर केला तसा मागचा आवाज थांबला.

"अहो, तुम्ही इथे कसे?"

"दोनदा वाजवली मी," ते म्हणाले. आजारापासून ते एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखे बोलतात. "पहिल्याच वळणावर. पाय उचलेना. दुसरी बहुतेक निघालीच नाही. नुसती हवा."

"मग परत वाजवायची."

"वाजवणार होतो. तेवढ्यात पुढून कुणीतरी वाजवली. छान वाजवली. तू चालत राहिलीस." ते जरा हसले, अर्ध्या तोंडाने. "म्हटलं, बाईंना नवं शेपूट मिळालं. आपण बसू."

मला त्यांचा हात धरून लॉजवर जायचं होतं, दार लावून घ्यायचं होतं, लेकीला फोन करून म्हणायचं होतं की तुझंच खरं. पण ते माझ्याकडे बघत नव्हते. त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली होती आणि पायरी पायरीने वर वर जात होती. ती बराच वेळ जातच राहिली.

"केवढी आणलीस," ते म्हणाले.

"अहो, उठा. आपण जाऊ."

"शेवटाला मोठं माणूस नाहीये, बाई."

"असू दे."

"शिट्टी वाजवतंय तेही मूलच आहे." त्यांनी काठी बाकाला टेकवून ठेवली. "इतक्या पायऱ्या. असं चालत नाही."

"बसा तुम्ही. तुम्हाला पहिलं वळण झेपलं नाही."

ते उठून उभे राहिले. काठीशिवाय. आणि माझ्याकडे बघितलं, सहलीच्या दिवशी सकाळी बसच्या दारातून बघायचे तसं. "तुझी रांग शेपटाशिवाय कधी चालली आहे का?"

मला नाही म्हणता आलं नाही. खरंच कधी चालली नव्हती. ते माझ्या शेजारून पुढे गेले आणि जाता जाता त्यांचा तळहात माझ्या डोक्यावर टेकला, क्षणभरच.

७

तिकीटखिडकीची काच माझ्यासमोर होती. आतला माणूस जेवायला गेला असावा, आत अंधार होता आणि बाहेर ऊन, त्यामुळे काचेत माझ्या मागचं सगळं दिसत होतं. काचेत बघणं म्हणजे वळून बघणं नव्हे. मी मान हलवली नाही.

उतरायच्या पायऱ्या दिसत होत्या. रिकाम्या. अगदी वरपर्यंत रिकाम्या, उन्हात पांढऱ्या. आणि त्यांच्या कडेकडेने पिवळी टोपी वर चढत होती.

ते मध्यावरून चालत नव्हते. एका बाजूला अंग चोरून, लांब रांगेच्या शेजारून जाताना चालतात तसे चालत होते. आणि प्रत्येक पायरीवर त्यांचा उजवा हात, जो खांद्याच्या वर उचलायला मी वर्षभर झगडले होते तो हात, बाजूला होत होता. तळहात हवेत टेकत होता, कंबरेच्या जरा वर, मग उचलून पुढच्या पायरीवर. एकही पायरी त्यांनी सोडली नाही. जसजसे वर गेले तसतसा तो तळहात छातीच्या उंचीला आला, मग खांद्याच्या.

पाय अडत नव्हता. एकदाही अडला नाही. मी तो पायच बघत होते. गुडघा पुरेसा वर, टाच आधी, मग पंजा. मी शिकवलं होतं अगदी तसं. डॉक्टरांना दाखवायला हवं होतं.

टोपी लहान होत गेली. दगडी बाईच्या पायाशी एक ठिपका झाली. तिथे उभी राहिली, काठी नाही, मान वर. मला हवा होता तो फोटो तोच.

मग दिसेनाशी झाली. मी वाट बघितली. बंद धरणाऱ्या हाताने एकदा हलकेच ओढून पाहिलं, मी म्हटलं, थांब जरा. मग शिट्टी ओठांना लावून एकदा वाजवली.

वरून, फार वरून, उत्तर आलं. एकदाच. आत फुसफुस होती.

८

आता मी लॉजवरच्या खोलीत खिडकीसमोर खुर्ची घेऊन बसले आहे. दार माझ्या मागे आहे आणि ते मी उघडं ठेवायला सांगितलं आहे. लॉजवाल्यांनी कुरकुर केली. मी नुसतं त्यांच्या दिशेने बोट वर केलं, मान न वळवता, आणि ते गेले. पीटीच्या बाईचं बोट कुठल्याही वयाच्या माणसाला कळतं.

डोंगर धुंडाळून झाला. बाकाला टेकवलेली काठी मिळाली, बसमामा मिळाले नाहीत. पोलीस नीट बोलले. तिकीटखिडकीतला माणूस म्हणाला, त्यांना जाताना पाहिलं नाही. लेक मिळेल ती गाडी धरून आली. काल दिवसभर ती माझ्यासमोर खिडकीच्या कट्ट्यावर बसून होती, रडून डोळे सुजलेले.

"आई, एकदा मागे बघ. कुणी नाहीये. मी सांगते ना."

"असेल तसंच."

"मग बघ."

"नाही."

मी हट्टी आहे हे तिला ठाऊक आहे, पण हा हट्ट नाही, हे तिला कसं सांगू. तिचं म्हणणं माझ्या बुद्धीला पटतं. मागे खोली आहे, खाट आहे, रिकामा बोळ आहे. पण जर का नसेल रिकामा? मी मान वळवली तर बंद धरलेलं पहिलं अडखळेल, मग दुसरं, मग तिसरं, आणि धक्का बोळातून, जिन्यावरून, रस्त्याने वाढत वाढत मागे जाईल. तिथे सगळ्यात शेवटी एक माणूस चालतोय, त्याच्या हातात काठी नाही. आयुष्यात त्याने मला एकदाही पाडलं नाही, मी त्याला पाडायचं?

म्हणून मी समोर दगडी बाईच्या हाताकडे बघते. अधूनमधून शिट्टी वाजवते. उत्तर येतं. पहिल्या दिवशी ते डोंगरावरून आलं होतं. काल खडकातल्या घुमण्याशिवाय आलं, मोकळ्या रस्त्यावरून यावं तसं. बूट आत येतायत. खोली लहान आहे, कशी मावतायत कोण जाणे, पण कुणी कुणाला ढकलत नाही. माझ्या मानेला गारवा लागतो. भीती वाटते, नाही असं नाही. पण रांग तुटलेली नाही. एवढी लांब रांग कुणी चालवली असेल तर मला दाखवा.

आज दुपारी मी शिट्टी वाजवली आणि उत्तर लॉजच्या खालच्या रस्त्यावरून आलं. फुसकं. एकदाच.

लेकीने ते ऐकलं. तिचा चेहरा मला दिसला. ती कट्ट्यावरून उतरली आणि माझ्या मागे दाराकडे गेली. मला वाटलं, आता ही दार लावणार. मी ओरडणार होते.

दार लागलं नाही. करकरलं आणि भिंतीला टेकेपर्यंत पूर्ण उघडलं. मग तिची चप्पल घासत बाजूला सरकली, भिंतीला लागून कुणाला वाट देताना सरकते तशी, आणि ती बराच वेळ तिथून हलली नाही.

शेवटी माझीच लेक. शिस्त तिला सांगावी लागत नाही.

मग तिचा आवाज ऐकू आला, हळू, लहान मुलांशी बोलावं तसा.

"एकेक करून या. उंबरा आहे."